लाकडी चमच्यासाठी क्रियापद

माद्रिदला परत जाताना सून फ्रिजवर चिठ्ठी लावून गेली:
गोळ्या आठ वाजता, पायाला मलम,
गुरुवारी दूधभात, दर दोन मिनिटांनी रेमोव्हेर.
मी नीट वाचलं,
आणि दर दोन मिनिटांनी पातेलं शेगडीवरून
उतरवत राहिले.

आमच्याकडे, पुनाताला, हा शब्द चुलीपाशी येत नाही.
तो कागदावर येतो, गोल शिक्क्यासकट.
बापाला रेल्वेच्या गोदामातून काढलं तेव्हा आला होता.
आईनं त्याची घडी घालून
साखरेच्या डब्याखाली ठेवली.

एतेल्विना खुर्चीतून ऐकत होती.
डोळ्यांना आता फक्त खिडकी कळते, कान मात्र तिखट.
"किती वेळा उचलतेस गं ते? ढवळ."

मग रेव्होल्वेर म्हणा ना, मी म्हटलं.
भात, पीठ, कॉफीतली साखर,
आम्ही सगळं त्याच शब्दानं ढवळतो.
"ते शिपायाच्या कमरेला असतं," ती म्हणाली.
हसून झाल्यावर म्हणाली,
पोटात ढवळतं, तेव्हा तो शब्द.
कपाटं उचकटतात, गाद्या फाडतात, तेव्हा तो.
मी सात वर्षांची होते, बाबा डोंगरात लपलेले,
आणि त्या चौघांनी आमच्या घरात –

पुढचं बोललीच नाही.
दुधाला त्या शब्दाचा हात नको, एवढंच म्हणाली.

"मेथेर म्हण."
जीभ दातांमध्ये धरून. तिला पुढचे दोन दात नाहीत,
त्यामुळे शब्द कमी, वाराच जास्त.

मला तो ठाऊक होता, पण वेगळ्या कामासाठी.
आम्ही मेसेर करतो ते लेकराला,
पाठीवर बांधून, नाहीतर छताला टांगलेल्या झोळीत.
"तांदळाला?"
"तांदळालाच. तळाशी निजला की करपतो.
जागा ठेवायचा. दचकवायचा नाही."

तेव्हापासून दर गुरुवारी अडीच तास.
शेजारच्या आर्सेनिओच्या गाईचं दूध, लिंबाची साल,
दालचिनीची एक काडी, साखर अगदी शेवटी.
मनगटातून नाही, खांद्यातून.
चमचा तळाला खरवडला की ती काठी आपटते.
आणि माझं लक्ष उडालं, लय तुटली,
तर खुर्चीतल्या खुर्चीत
ती स्वतःच पुढेमागे होऊ लागते.

माझी आई यातलं काहीच म्हणत नसे.
ती केचुआत कायविय म्हणे.
त्यात चमचा आहे, चमच्याचा गोल आहे, बस.
एतेल्विनाला एकदा सांगितलं. तिनं तो तोंडात घोळवला,
"कावी," म्हणाली, "वासराचं नाव वाटतं."

या हिवाळ्यात तिचे शब्द जायला लागले.
आधी भाच्यांची नावं, मग वार.
एका गुरुवारी हात उचलून
हवेत गोल काढत राहिली, आढ्याकडे बघत,
जणू तिथं कुणी टांगून ठेवलाय.
माझ्याकडे चार होते. कुठलाही देता आला असता.
चिठ्ठीतला दिला असता तर मी नोकर.
चोरांचा देण्याचा प्रश्नच नाही.
मी चमचा पुढे केला, तिच्या बोटांत दिला,
तर म्हणते कशी, "कावी. कावी कर."

आज मध्येच लिंबेरचा फोन.
तिकडे सकाळ, शाळेला सुट्टी, मागे माझ्या बहिणीची कोंबडी.
मी निघाले तेव्हा तो दहा महिन्यांचा होता,
आता आवाज फुटायला आलाय.
"काय करत होतीस?"
एका हातात फोन, एका हातात चमचा,
जो शब्द जिभेवर होता तोच आला: मेसिएंदो.

पलीकडे फक्त कोंबडी.
मग, "कोणाला?"

एतेल्विनानं काठी आपटली.
तळ, पोरी, तळ.